परवानगी मागा

सकाळी दुकानात आल्यावर कावेरीने फडक्याने टेबल झटकलं, सासूबाईंच्या फोटोला उदबत्ती लावली, खुर्ची पुढे ओढून कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर नेहमीची निळी पट्टी उमटली. पट्टीखाली रोज तक्रारींची यादी उघडायची. कुणाची विहिरीवरची मोटार जळाली, कुणाच्या ठिबकच्या नळ्या तुंबल्या, कोणत्या मेकॅनिकने कुठल्या गावाला जायचं. आज तिथं पांढरं रिकामं होतं आणि मधोमध दोन ओळी होत्या. तुम्हाला हे पाहण्याची परवानगी नाही. परवानगी मागा. दुसऱ्या ओळीभोवती चौकट होती, म्हणजे ती दाबायची होती. कावेरीने आधी चष्मा पदराने पुसला. मग कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. त्याच ओळी. तिने चौकट दाबली, आणि समोरच्या काचेच्या केबिनमध्ये तिच्या जावेचा, शिवांजलीचा, फोन टुणकन वाजला. शिवांजलीने तो उचलला, वाचला, आणि टेबलावर पालथा घालून ती पुन्हा लॅपटॉपकडे बघायला लागली. एकदाही मान वर केली नाही. काचेतून तिचा वळवून बांधलेला अंबाडा तेवढा दिसत होता, आणि कानातली ती पांढरी बोंडं, ज्यांच्यामुळे ती कुणाशी बोलतेय आणि कुणाशी नाही हे कधीच कळायचं नाही.

कावेरी हात मांडीवर ठेवून बसून राहिली. बाहेर मोंढ्यात, बाजारपेठेच्या रस्त्यावर, पाइपांचा टेम्पो उलटा येत होता आणि भागवत, दुकानातला सगळ्यात जुना माणूस, "येऊ दे, येऊ दे" म्हणून त्याच्या पाठीवर थापा मारत होता. एका गिऱ्हाइकाने आत डोकावून विचारलं, "बाई, आमचा माणूस आज येतोय का?" कावेरीला सांगता येईना. ती म्हणाली, "बघते," आणि त्या पांढऱ्या जागेकडे बघत राहिली. तिला वाटलं, हे शिवांजलीने मुद्दाम केलंय. कालच्या बोलण्याचा राग. काल सगळ्यांच्या ग्रुपवर शिवांजलीने लिहिलं होतं की तक्रार आली की एका तासाच्या आत माणूस नेमला गेला पाहिजे, आणि कावेरीने खाली लिहिलं होतं, माणसं हायत का तेवढी? भागवतने त्यावर हसरं तोंड टाकलं होतं. मग मेकॅनिक पोरांनी टाकलं. शिवांजलीने काही लिहिलं नाही. ती उलट उत्तर कधीच लिहायची नाही. पुण्याची माणसं अशी गोड राहून दार लावून घेतात.

ती आणि तिचा नवरा रुद्रेश, कावेरीचा धाकटा दीर, पुण्याहून आले ते सासऱ्यांना, आप्पांना, लकवा झाला म्हणून. निदान तसं म्हणायचे. रुद्रेशची नोकरी गेली होती हे कावेरीला नंतर कळलं, तेही दुसऱ्याकडून. आल्यावर दोन महिन्यांत शिवांजलीने दुकानाचा चेहरा बदलला. आप्पांनी लाकडी फळ्यांवर रचलेले नळाचे कॉक आणि पाइपचे बेंड खोक्यात गेले, मधली भिंत पडली, काच आली, एसी आला. मग क्लाउड आला. सगळ्यांना समोर बसवून शिवांजलीने समजावलं होतं की आता आपलं सगळं काम वर असणार, दुकान जळालं तरी काही हरवणार नाही, आष्टीच्या रस्त्यावरून रुद्रेशला आणि घरून रविदादांना, म्हणजे कावेरीच्या नवऱ्याला, एकाच वेळी सगळं दिसेल. "वर म्हंजे कुटं?" भागवतने विचारलं होतं आणि सगळे हसले होते. कावेरीही हसली होती. पण त्या दिवशी घरी जाताना तिच्या मनात ते राहिलं होतं. आपण इथं बसून केलेलं काम इथं नसणार.

खरी गोष्ट अशी होती, आणि ती तिने कुणाला सांगितली नव्हती, की तिला ते नंतर आवडायला लागलं होतं. तिच्या नावाचं पहिलं अक्षर हिरव्या गोलात यायचं. ती काही लिहायला लागली की तो गोल त्या ओळीवर जाऊन बसायचा आणि धारूरला असलेल्या मेकॅनिक पोरालाही तो दिसायचा, तो विचारायचा, "वहिनी, तुमी आता लिवताय ना? मला दिसलं." आयुष्यात ती काम करताना अशी कुणाला दिसली नव्हती. भाकरी झालेली दिसते, करताना कुणी बघत नाही. आता तो गोल कुठं होता? शिवांजलीचा जांभळा असायचा, रविचा निळा. ते वर तिथं फिरत असतील, आणि ती खाली त्या दोन ओळींसमोर बसली होती. लहानपणी माहेरी, पालीला, भाऊ धरणात पोहायला उतरायचे तेव्हा तिला काठावर कपड्यांपाशी बसवायचे. कपड्यांकडं बघ गं. पाण्यातून त्यांचे आवाज यायचे, अंगावर शिंतोडे यायचे, दगड तापलेला असायचा आणि ती त्या चड्ड्यांच्या आणि सदऱ्यांच्या ढिगाकडे बघत बसायची. कुणी चोरणार नव्हतं. तिथं कुणीच नसायचं. हे तिला तेव्हाही माहीत होतं, आणि तरी तिने एकदाही उठून पाण्यात पाय घातला नाही, याचा तिला आत्ता, या खुर्चीवर बसल्या बसल्या, भयंकर राग आला.

ही खुर्ची आप्पांनी दिली होती. लग्नानंतर चौथ्या वर्षी, मूल होत नाही म्हणून घरात सगळ्यांचे चेहरे पडलेले असताना, एका सकाळी आप्पा कपाळाला विभूती लावून दुकानाला निघाले ते दारातच थांबले आणि म्हणाले, "चल बाई. घरात बसून भिंती मोजतीस, त्यापेक्षा गिऱ्हाईक बघ." सासूबाई, गंगासागर, तेव्हा जिवंत होत्या. त्या म्हणाल्या होत्या, मोंढ्यात बाईमाणूस? आप्पांनी उत्तर दिलं नव्हतं. ते उत्तर द्यायचेच नाहीत, करून टाकायचे. कावेरी त्यांच्या मागे चालत आली होती, आणि पहिल्या दिवशी गिऱ्हाइकं तिला बघून दाराशीच घुटमळली होती. मग घुटमळेनाशी झाली. रवि त्या सगळ्यात कुठं होता? तिने आठवून पाहिलं. रवि नक्की तिथं होता, कुठंतरी पाइप मोजत असेल. रवि नेहमी असायचा. नको म्हणायचा नाही, हो म्हणायचा नाही. तिला ते चांगुलपण वाटत आलं होतं. माहेरच्या बायका म्हणायच्या, नशीबवान हायस, नवरा एका शब्दानं बोलत न्हाई.

ती उठली. केबिनचं दार तिला नेहमी जड वाटायचं, आज ते एका हाताने उघडलं.

"माझं बंद कावून केलंस?"

शिवांजलीने कानातलं बोंड काढलं. "बसा ना, ताई."

"बसाया न्हाई आले. कावून केलंस ते सांग."

"मी नाही केलं."

"मग काय भागवतनं केलं? सगळ्याच्या चाव्या तुझ्याकडं. मी दाबलं तसा तुझा फोन वाजला. बघितलं मी. तू वाचलंस अन् ठिवून दिलंस."

शिवांजलीने लॅपटॉप वळवला. "चाव्या माझ्याकडे आहेत आणि दादांकडे. कुणी काय बदललं ते इथं राहतं. बघा."

कावेरी वाकली. एसीचा गार झोत मानेवर आला. ओळींच्या खाली ओळी होत्या आणि शिवांजलीचं बोट एका ओळीवर होतं. रवि यांनी कावेरी यांचा प्रवेश काढला. पुढे कालची तारीख, आणि वेळ जेवणाची.

"मला वाटलं दादांनी तुम्हाला सांगितलं असेल," शिवांजली म्हणाली. "म्हणून सकाळी तुमची विनंती आली तेव्हा मला कळेना काय करावं. ताई, हवं तर मी आत्ता चालू करते. मिनिटाचं काम आहे."

कावेरीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथं जिंकल्याचा आनंद असता तर तिला बरं वाटलं असतं. तो नव्हता. तिथं कीव होती, पुण्याची, स्वच्छ, साबणाने धुतलेली कीव. हिला माहीत झालं. माझ्या घरात, माझ्या ताटाशेजारी काय झालं ते हिला माझ्या आधी माहीत झालं, कारण ते वर लिहिलेलं होतं.

"नको," कावेरी म्हणाली. "तू देऊ नको."

ती बाहेर आली आणि पर्स घेऊन रस्त्याला लागली. भागवतने मागून विचारलं, "वहिनी, बरं न्हाई का?" तिने नुसता हात हलवला. ऊन तापलेलं होतं. मोंढ्यातून घरापर्यंतचा रस्ता ती पायी चालली आणि चालताना कालचं जेवण तिच्यासमोर पुन्हा पुन्हा मांडलं जात होतं. रवि खाली बसला होता, पाठ भिंतीला, डाव्या हातात फोन. तिने भाकरी वाढली. त्याने न बघता कोपरा मोडला. म्हणाला, "वांग्यात मीठ जरा जास्त झालंय." ती म्हणाली होती, "दही घ्या मग." त्याने दही घेतलं. त्याचा अंगठा फोनवर फिरत होता. नेमका कधी? मीठ म्हणायच्या आधी की नंतर? दही कालवताना? त्याने फोन बाजूला ठेवून आणखी अर्धी भाकरी मागितली होती, एवढं तिला आठवत होतं, आणि तिने ती तव्यावरून उतरवून, वर तूप सोडून दिली होती. ते करून झाल्यावर त्याने भूक लागल्यासारखं जेवण केलं होतं. रात्री तो तिच्या शेजारीच झोपला. झोपेत त्याचा हात तिच्या दंडावर पडला होता. तिने तो काढला नव्हता. आता भर रस्त्यात तिने तो दंड दुसऱ्या हाताने पुसला.

घरी विमलबाई आप्पांच्या खोलीत झाडत होती. ही बाई दोन वर्षं आप्पांचं सगळं करत होती. कावेरीला बघून ती ओशाळली. "बरं झालं लवकर आलाव. मी रविभाऊंना सांगितलंय, पुढच्या हप्त्यापसून मला येणं हुयाचं न्हाई. लेकीचं बाळंतपण हाय. भाऊ म्हणले, काई चिंता करू नका, आमची सोय झाली हाय."

सोय झाली हाय. कावेरी उंबऱ्यात उभी राहिली. पलंगावर आप्पा उशीला टेकून बसवलेले होते. उजवा हात मांडीवर एखाद्या दुसऱ्याच्या वस्तूसारखा पडला होता. तोंड एका बाजूला ओघळलेलं. बोलणं जवळजवळ गेलेलंच होतं. विमलबाईने विचारलं, "खिचडी तुमी भरवताव का?" आणि वाटी तिच्या हातात दिली. कावेरी पलंगावर बसली, तिने घास आप्पांच्या तोंडाशी नेला. अर्धा आत गेला, अर्धा हनुवटीवर आला. तिने तो चमच्याने वर लोटला. ते तोंड, त्यातले दोन दात, ती पांढरट जीभ, तो ओला आवाज. यासाठी. या घासासाठी तिचं काढून घेतलं. ज्या माणसाने तिला त्या खुर्चीत बसवलं त्याचा तिला इतका किळसवाणा राग आला की तिने पुढचा घास जरा जोरात कोंबला. आप्पांना ठसका लागला. त्यांचे डोळे पाण्याने भरले आणि ते तिच्याकडे बघत राहिले. त्या डोळ्यांचं काही गेलेलं नव्हतं. ते मोंढ्यात गिऱ्हाइकाला दारातूनच ओळखणारे जुनेच डोळे होते. कावेरीने त्यांची पाठ चोळली. "पाणी घ्या," ती म्हणाली.

रवि दिवेलागणीला आला. चपला काढल्या, हातपाय धुतले, सोफ्यावर बसला. शिवांजलीने त्याला सांगितलं असणार, कारण त्याने टीव्ही लावला नाही.

"माझं बंद केलंत तुमी," कावेरी म्हणाली.

"बस की आधी."

"केलंत का न्हाई?"

"अगं, विमलबाई चालली. आप्पाकडं बघायला कुणीतरी पायजे. शिवांजलीला सांगायचं का आता? अन् दुसरी बाई मिळती का लगेच?"

"मग मला सांगायचं."

"सांगणारच होतो."

"कवा? सगळ्या दुकानात मी येड्यावानी बटन दाबत बसल्यावर?"

रविने मान खाली घातली. त्याच्या डोक्यावरचे केस विरळ झाले होते. एरवी ते बघून तिला माया यायची. "तू भांडली असतीस," तो म्हणाला.

"मग भांडले असते की!"

"तेच नको होतं मला. घरात आधीच काय कमी हाय? म्हणलं, एकदा बंद झालं की तू दोन दिवस चिडशील, मग समजून घेशील. तू समजून घेतीस."

त्याने हे प्रेमाने म्हटलं. तिला ऐकू आलं ते, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. इतकी वर्षं ती न भांडता काय काय समजून घेत आली होती ते सगळं त्याने मनात साठवून ठेवलं होतं आणि आज त्यावर टेकून बसला होता. तिला वाटलं, हा माणूस कधीच गप्प नव्हता. बोलण्याचं काम तो दुसऱ्यांकडून करून घ्यायचा. आधी आप्पांकडून. आप्पांचं तोंड वाकडं झाल्यावर त्याला हे बटन सापडलं.

"तोंडानं सांगा," ती म्हणाली. "कावेरी, तू उद्यापसून दुकानात येऊ नको. एवढंच बोला. मी ऐकते."

"हे काय आता?"

"बोला ना."

"लई लावून धरू नको," रवि म्हणाला. "आप्पा जागे हायत." आणि तो उठून गच्चीवर गेला. वर त्याच्या येरझाऱ्या बराच वेळ ऐकू येत होत्या. कावेरीने स्वयंपाक केला नाही. विमलबाई जाताना करून गेली होती ते सगळ्यांनी वाढून घेतलं, शिवांजली आणि रुद्रेशने वर आपल्या खोलीत नेलं, कुणी कुणाला हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात कंपनीचा साहेब यायचा होता. मोटारींची जिल्ह्याची एजन्सी द्यायची की नाही ते तो ठरवणार होता, आणि शिवांजलीने काचेच्या केबिनमध्ये मोठा पडदा लावला होता, त्यावर सगळं कसं वर चालतं ते दाखवायला. रवि इस्त्रीचा शर्ट घालून लवकर गेला. तो गेल्यावर कावेरीने आप्पांना अंघोळ घातली, कपाळाला विभूती लावली, धुतलेलं धोतर नेसवलं, अंगात पांढरा सदरा चढवला. विमलबाई विचारत होती, "दवाखान्यात न्यायचंय का?" कावेरी म्हणाली, "दुकानात." तिने ऑटो बोलावला. ऑटोवाल्याने आणि तिने मिळून आप्पांना आत बसवलं, चाकाची खुर्ची मागे बांधली. रस्त्यात आप्पांचं डोकं खड्ड्यागणिक तिच्या खांद्यावर आपटत होतं. त्यांचा चांगला हात तिच्या पदराला घट्ट धरून होता. ती पुढे बघत होती. तिला वाटत होतं आपण स्वतःहून जात नाही आहोत, आपल्याला कुणीतरी ढकलतंय, आणि ते बरं वाटत होतं.

दुकानापुढे भागवत धावत आला. "आरं, आप्पा!" त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्याने आणि ऑटोवाल्याने खुर्ची पायऱ्यांवरून उचलली आणि कावेरीने ती आपल्या टेबलाशेजारी, गल्ल्यासमोर, आप्पा पूर्वी बसायचे तिथं लावली. मग स्वतःच्या खुर्चीत बसली. कॉम्प्युटर चालू केला नाही. पालीचा राधाकिशन म्हणून एक जुनं गिऱ्हाईक उभं होतं, तो आप्पांच्या पाया पडला आणि म्हणाला, "लई दिवसांनी दर्शन झालं." आणखी दोघं पाया पडले. आप्पा त्यांच्याकडे बघत होते. त्यांच्या ओठातून लाळ येत होती, कावेरीने रुमालाने टिपली.

काचेच्या आतून साहेब, शिवांजली आणि रवि तिघं बघत होते. पडद्यावर रंगीत गोल फिरत होते. रवि बाहेर आला. दार उघडं राहिलं, एसीचा गारवा बाहेर पसरला.

"हे काय केलंस?" तो हळू आवाजात म्हणाला.

"आप्पाकडं बघतेय. कुणीतरी पायजे ना बघायला?"

"घरी ने त्यांना."

"मोठ्यानं बोला. मला ऐकू न्हाई येत."

भागवतने हातातला पाइप खाली ठेवला. राधाकिशन एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. रविचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. तो असा लाल झालेला तिने लग्नानंतर पहिल्यांदा पाहिला. "कावेरी," तो ओरडला, "आप्पाला घेऊन घरी जा. आन् उद्यापसून दुकानात येऊ नको! झालं समाधान?"

कावेरीने श्वास सोडला. तिला वाटलं होतं हे ऐकल्यावर आपण फुटू, रडू. तसं काही झालं नाही. नवऱ्याचा आवाज एवढा मोठा असतो हे तिला माहीत नव्हतं, आणि तो असा उघड्यावर, माणसांच्या समोर, तिच्या तोंडावर येऊन आदळल्यावर तिला पायाखाली जमीन लागल्यासारखं वाटलं.

"ऐकलं," ती म्हणाली. "मी न्हाई जाणार."

आतून साहेबाने रविला हाक मारली, आणि तो वळून आत गेला, दार लागलं.

तेवढ्यात तिच्या पदराला ओढ बसली. आप्पांनी चांगल्या हाताने पदर धरला होता. ती वळली. त्यांच्या मांडीवर, धुतलेल्या धोतरावर, एक ओला डाग हळूहळू मोठा होत होता, आणि ते त्या डागाकडे नाही, समोर पाया पडून उभ्या राहिलेल्या माणसांकडे बघत होते. त्यांनी तोंड उघडलं. एकदा नुसता वारा आला. मग शब्द आला, वाकडा, पण स्पष्ट.

"घरी," आप्पा म्हणाले.

राधाकिशनने ऐकलं की नाही कोण जाणे. कावेरीने ऐकलं. तिने खुर्चीच्या पाठीवरची शाल काढली, त्यांच्या मांड्यांवर नीट पसरली, कडा दोन्ही बाजूंनी आत खोचल्या. पदर त्यांच्या बोटांतून एक एक बोट उलगडून सोडवून घेतला. मग स्वतःची खुर्ची टेबलाकडे ओढली आणि राधाकिशनकडे बघून म्हणाली,

"सांगा. काय झालंय मोटारीला?"